रत्नागिरीत फूको लंबक: गोळा किती वळायला हवा?

प्रश्न: शाळेच्या सभागृहात ६ मीटर तारेला ५ किलोचा गोळा टांगलाय. फूको लंबक म्हणजे पृथ्वीचं फिरणं दाखवणारा लंबक, मग त्याच्या झोक्याची दिशा तासाला १५ अंश वळायला हवी ना? हा तर दहा मिनिटांतच लंबवर्तुळात फिरायला लागतो.

उत्तर १: १५ अंश ध्रुवावर हो! रत्नागिरी १७ अक्षांशावर, म्हणून १५ × साइन १७ = ताशी ४.४ अंश, घड्याळाच्या दिशेने. मध्यापासून ५० सेंमीवर खूण केलीत तर तासाला जेमतेम ३.८ सेंमी सरकेल. पूर्ण फेरीला ८२ तास.

उत्तर २: लंबवर्तुळ सोडतानाच्या धक्क्याने होतं, आणि तेच झोक्याची दिशा फिरवतं. गोळा दोऱ्याने बाजूला बांधा, थरथर पूर्ण थांबू द्या, मग दोरा मेणबत्तीने जाळा. तार हुकात अडकवलीय का? हूक सगळीकडे सारखा झुलू देत नाही; ड्रिलच्या चकमध्ये (पातं पकडणाऱ्या जबड्यात) घट्ट आवळा. समुद्राकडच्या खिडक्या बंद, पंखेही.

प्रश्नकर्ता: हूकच आहे. आणि मोरीत पाणी जाताना होणारा भोवरा, तोही पृथ्वीच्या फिरण्यानेच ना?

उत्तर १: तो मोरीच्या आकाराचा खेळ, पृथ्वीचा नव्हे.