वादळाचा इशारा आणि पेट्रोलची रांग : सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

बी-२०३ : हवामान खात्याचा इशारा आल्यापासून पर्वरीतील पंपांवर रस्त्यापर्यंत रांगा लागल्या आहेत. वादळ ओसरेपर्यंत टँकर येणार नाहीत आणि उद्या पेट्रोल लिटरमागे दहा रुपयांनी महागणार, असा संदेश फिरत आहे. आपणही प्लास्टिकचे दोन कॅन भरून आणावेत का, असा विचार घरात चालला आहे.

सचिव : काकू, कॅन आणू नका, अशी कळकळीची विनंती आहे. १६ जून २०१७ पासून तेल कंपन्या दर रोज सकाळी सहाला ठरवतात. त्यात आंतरराष्ट्रीय भाव, रुपयाचा विनिमय दर, केंद्राचे उत्पादन शुल्क, राज्याचा व्हॅट आणि विक्रेत्याचे कमिशन धरलेले असते. वादळ आले म्हणून पंपचालकाला आपल्या मर्जीने दर वाढवता येत नाही. अमेरिकेत ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे वादळामुळे टेक्सासच्या किनाऱ्यावरील तेलशुद्धीकरण कारखाने बंद पडले आणि भाव खरोखरच चढले. परंतु किनाऱ्यापासून कित्येक तासांच्या अंतरावरील डॅलसमध्ये पंप कोरडे पडले, त्याला सगळ्यांनी एकाच वेळी घेतलेली धाव मोठ्या प्रमाणावर कारणीभूत होती. आपल्याला भीती बाळगायची तर ती या धावेची. पंपाची टाकी नेहमीच्या विक्रीच्या हिशेबाने भरली जाते. आठवड्याभराचे गिऱ्हाईक एका संध्याकाळी आले तर ती रिकामी होणारच, आणि मग तोच खोटा संदेश लोकांना खरा वाटू लागतो.

साठवणुकीचा धोका मला याहून गंभीर वाटतो. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार परवान्याशिवाय स्वतःच्या वापरासाठी तीस लिटरपर्यंतच पेट्रोल ठेवता येते, तेही काच, चिनी माती किंवा धातूच्या घट्ट बुचाच्या भांड्यात. आपल्या पार्किंगमध्ये विजेचे मीटर आहेत. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत पसरते आणि एका ठिणगीनेही पेट घेते.

सी-३०१ : सचिवांचे म्हणणे पटते. मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याजवळून गेले तेव्हा गोव्यात झाडे आणि विजेचे खांब कोसळून दोघांचा जीव गेला, अनेक भाग अंधारात राहिले. त्या दिवशी गाडीची टाकी भरलेली असूनही घराबाहेर पडण्यात शहाणपण नव्हते. खरी टंचाई होती ती विजेची, पाण्याची आणि मोबाइल चार्ज करण्याची.

ए-१०१ : माझी अडचण वेगळी आहे. बाबांना शुक्रवारी डायलिसिससाठी बांबोळीला न्यावेच लागते, ते पुढे ढकलता येत नाही. गाडीत थोडेच पेट्रोल आहे आणि बाबांना घरी एकटे सोडून तासभर रांगेत उभे राहणे मला शक्य नाही.

बी-४०२ : ताई, रांगेत जाऊ नका. आमची टाकी इशारा येण्याआधीच भरलेली आहे. शुक्रवारी मी काकांना घेऊन जातो. मात्र मांडवी पूल वाऱ्यामुळे बंद झाला तर खोळंबा नको, म्हणून हवामान पाहून आदल्या संध्याकाळीच निघावे लागेल. बांबोळीजवळ रात्रीपुरती राहण्याची सोय कोणाकडे होईल का?

सी-३०१ : माझी बहीण सांताक्रूझला राहते. तिला आत्ताच विचारते.

सचिव : आभारी आहे. वीज गेल्यास सोसायटीच्या जनरेटरचे डिझेल केवळ पाण्याच्या पंपासाठी आणि जिन्यातील दिव्यांसाठी वापरले जाईल. लिफ्ट बंद राहील. वरच्या मजल्यांवरील ज्येष्ठांना लागणारी औषधे आज सायंकाळपर्यंत आणून ठेवावीत, आणि नेटवर्क गेल्यास यूपीआय चालणार नाही, म्हणून थोडी रोख रक्कमही जवळ असू द्यावी.