पाचशेचं तिकीट घ्यायचं की सरळ पैसे द्यायचे?

नाक्यावरचा_दुकानदार
आमच्या तालुक्याच्या गावात एक सेवा क्लब आहे, कुठला ते सांगत नाही, कोटावरच्या पिना बघून ओळखा. दरवर्षी थंडीत जुन्या गाण्यांचा ऑर्केस्ट्रा ठेवतात. यंदा म्हणे डायलिसिस मशीनसाठी. काल चौघं जण दुकानात आले, तिकिटांचं पुस्तक काउंटरवर ठेवलं, म्हणाले "शेठ, तुमची दहा धरलीत". धरलीत! विचारायची पद्धतच नाही. गल्ल्याच्या खालच्या खणात मागच्या वर्षीची सहा तिकिटं अजून तशीच पडलीत. माझं म्हणणं एवढंच, हॉल, साउंड, गायक, जेवण, फ्लेक्स यातच निम्मे जाणार असतील तर मशीनच्या नावाने सरळ वर्गणी काढा ना, मी पाच हजार देतो, गाणी नकोत.

माजी_खजिनदार
शेठ, सरळ वर्गणी मागून बघा एकदा. मी दोन वर्षं लायन्समध्ये पावतीपुस्तक घेऊन फिरलोय, पाच हजार देतो म्हणणारे "पुढच्या आठवड्यात या" म्हणतात आणि शंभरावर तोडतात. कार्यक्रम ठेवला की तारीख पडते, तारीख पडली की पैसे सुटतात. आणि गायकाचा खर्च बहुतेक वेळा एखादा बिल्डर किंवा सराफ उचलतो, त्याबदल्यात स्टेजवर त्याचा बोर्ड. दुसरं म्हणजे आमच्याकडे खाती दोन असतात, अ‍ॅडमिनचं आणि अ‍ॅक्टिव्हिटीचं. मेंबरांच्या फीमधून मीटिंगा-जेवणं, लोकांकडून आलेला पैसा लोकांच्याच कामाला, तो अ‍ॅडमिनला वळवता येत नाही.

खडूस_काकू
नियम कागदावर छानच असतो हो. गणपती मंडळाच्या पोरांनाही धर्मादाय आयुक्तांकडून वर्गणी गोळा करायची, ती ४१ क ची परवानगी काढायला लावतात, मग उत्सव संपल्यावर हिशोबाचा कागद मांडवात चिकटवतात, निदान आमच्या आळीत तरी. कोटवाल्यांचा कागद कुठे चिकटतो ते दाखवा, मी चष्मा घेऊन येते.

एसटी_स्टँड
काकू +१. आणि वृक्षारोपण विसरू नका. शाळेच्या मागचा तोच खड्डा, तीन अध्यक्षांनी तीन वर्षं त्यात तीन झाडं लावली, फोटोत दर वेळी झाड एक आणि हात अकरा. १ जुलैला नवा अध्यक्ष बसतो, त्याला जुन्याच्या झाडाला पाणी घालण्यात काय इंटरेस्ट.

रविवारची_ड्युटी
हसू आलं, खरंय ते. पण सगळं त्याच खड्ड्यात ढकलू नका राव. मी रोटरॅक्टमध्ये, म्हणजे रोटरीच्या तरुण पोरांच्या क्लबात, होतो तेव्हा पोलिओ रविवारी सकाळी आठपासून वीटभट्टीवर बसायचो, आशाताई डोस द्यायच्या, मी पोरांच्या करंगळीवर मार्करने खूण करायचो, ती खूण बघून पुढची दहा पोरं आपणहून हात पुढे करायची. रोटरीने हे १९८५ ला उचललं, भारतात शेवटची केस जानेवारी २०११ मध्ये हावड्याजवळ, २०१४ ला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. सरकारने केलं, डब्ल्यूएचओने केलं, मान्य, पण आमच्या बूथवरचा मंडप, चहा, रिक्षावरचा भोंगा हे क्लबचं होतं. त्यात फोटो काढायचे ते काढलेच, नाही म्हणत नाही.

बाबांची_लेक
गाणी की वर्गणी यावर भांडताय, मशीनचं कोणी बोलतच नाही. माझ्या बाबांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, एकेक वेळ चार तास, तीन वर्षं झाली. एका वेळेला साधारण १२० लिटर शुद्ध पाणी मशीनमधून जातं, म्हणजे आधी आरओ प्लांट लागतो, मग टेक्निशियन, डायलायझर, ट्यूब, लाइट गेली तर जनरेटर. आमच्या जवळच्या एका दवाखान्यात अशीच दान आलेली मशीन होती, वर दात्यांच्या नावाची पितळी पाटी, खाली प्लास्टिकचं कव्हर, टेक्निशियन सोडून गेल्यापासून बंद. आम्ही पस्तीस किलोमीटर जातो. महात्मा फुले योजनेत डायलिसिस बसतं, आमचे डायलिसिसचे पैसे लागत नाहीत, गाडीचं भाडं मारतं. क्लबला खरंच करायचं असेल तर टेक्निशियनचा तीन वर्षांचा पगार द्या नाहीतर पेशंटना न्यायला एक व्हॅन चालवा. पण व्हॅनच्या डिझेलचं उद्घाटन कोण करणार.

माजी_खजिनदार
ताई, हे मात्र लागलं. मशीनला देणगीदार मिळतो, पगाराला कोणी मिळत नाही, मी स्वतः बघितलंय. मोतीबिंदूचं जमतं कारण त्याला शेवट आहे, सकाळी बस भरून न्यायची, हॉस्पिटलात ऑपरेशन, काळे चष्मे लावून घरी आणायचं, संपलं. डायलिसिस संपत नाही.

एसटी_स्टँड
मग झेपत नसेल तर घेऊच नये ना अंगावर. वह्या वाटा, रक्तदान घ्या.

रविवारची_ड्युटी
म्हणजे अवघड काम कोणी करायचंच नाही? दवाखान्याशी आधी लेखी करार करा, टेक्निशियन तुमचा, मशीन आमची. सही नाही तर मशीन नाही.

खडूस_काकू
सही करणारा डॉक्टर क्लबचाच मेंबर असतो बाळा.

नाक्यावरचा_दुकानदार
आज संध्याकाळी ते परत आले होते. टेक्निशियनचं विचारलं, तर एकमेकांकडे बघायला लागले, मग एक जण म्हणाला "ते पुढच्या टर्मला बघू". दहाची दोन केली आणि घेतली, शेजारधर्म आहे, उद्या त्यांच्याच कार्यक्रमाचे कागद छापायला माझ्याकडेच येतात. सातवी रांग, बरोबर स्पीकरसमोर. कोणाला हवी असतील तर दुकान नऊपर्यंत उघडं आहे.