मदत हवी आहे: आई-बाबांना ॲपलक्रॉसला न्यायचंय, कोणता रस्ता घेऊ?

नमस्कार मंडळी, आम्ही ग्लासगोला राहतो. एप्रिलमध्ये आई-बाबा येतायत आणि त्यांना ॲपलक्रॉस हे स्कॉटलंडचं खेडं मनापासून दाखवायचंय: किनाऱ्यालगत पांढऱ्या घरांची ओळ, समोर रासे बेट, त्यामागे स्काय बेटाचे डोंगर. पण बाबांना घाट लागतो. तिथे जाणारा ब्यालाख ना बा घाट ६२६ मीटरपर्यंत चढतो, काही ठिकाणी २० टक्के चढ, रस्ता एका गाडीपुरता. समोरून कुणी आलं की कडेच्या रुंद जागेत शिरून वाट द्यायची. शील्डेग गावावरून जाणारा किनाऱ्याचा रस्ता लांबचा आहे, तरी मला तोच बरा वाटतो. एप्रिलमध्ये मेंढ्या-कोकरं रस्त्यावरही असणार. वयस्कर माणसांना घेऊन त्या बाजूने कुणी गेलंय का? वळणं कितपत आहेत? मध्ये चहाला, पाय मोकळे करायला कुठे थांबता येईल?