चित्ता माणसाच्या इतका जवळ येतो, हे खरंच सेफ आहे का?

लष्करवाली:
नमस्कार मंडळी. मध्य प्रदेशातल्या कुनो जंगलातला तो पाण्याचा व्हिडिओ पाहिला असेलच सगळ्यांनी, एप्रिल 2025 मधला, एक जण भांड्यात पाणी ओततोय आणि ज्वाला नावाची चित्ता मादी पिल्लांना घेऊन आरामात येऊन पितेय. आमच्याकडे दूध घालणारे भैया कुनोजवळच्या विजयपूरकडचे, ते म्हणतात बिबट्यापेक्षा हा बरा, ओरडलं की पळतो. आता डिसेंबरात मुलांना घेऊन टिकटोली गेटने जायचा विचार आहे आणि सासूबाई हट्टाला पेटल्यात की लहान पोरांना तिकडे न्यायचं नाही म्हणजे नाही. तर चित्ता माणसाला काही करत नाही हे खरं का, आणि खरं असेल तर का करत नाही? धाकट्याला वेगळंच पडलंय, तो विचारतोय डरकाळी ऐकू येईल का.

दालबाजार_बॉय:
सासूबाईंना सांगा रात्री दहानंतर ग्वाल्हेरच्या बाड्यावरून स्कूटरने या, तिथली कुत्री जास्त डेंजर आहेत 😂

गुरांचा_डॉक्टर:
ताई, जंगलातल्या चित्त्याने माणूस मारल्याची खात्रीची नोंद नाही. पण म्हणून तो गरीब आहे असं नाही, त्याला भांडण परवडतच नाही. वजन पन्नास किलोच्या आतबाहेर, अंग सगळं पळण्यासाठी घडलेलं. हवा भरपूर घ्यायची म्हणून नाकाची पोकळी मोठी, त्यामुळे वरच्या सुळ्यांच्या मुळांना जागा कमी, म्हणून सुळे लहान. नखं वाघासारखी पूर्ण आत जात नाहीत, धावपटूच्या बुटाच्या खिळ्यांसारखी जमिनीत रुतायला असतात, त्यामुळे बोथट होतात. धारदार राहतं ते फक्त पुढच्या पायाच्या अंगठ्याचं, त्यानेच पळत्या हरणाला अडकवून पाडतो आणि मग गळा धरून बसतो, ते काम काही एका झटक्यात होत नाही, मिनिटं जातात. त्यानंतर धाप लागलेली असते ती वेगळीच, बराच वेळ खाताही येत नाही. तेवढ्यात तरस किंवा बिबट्या आला की हा शिकार टाकून चालता होतो, कारण पाय दुखावला तर पळणं बंद आणि पळणं बंद म्हणजे उपास. माणूस ओरडला की पळतो त्यामागेही हाच हिशोब आहे.

वेगाचं म्हणाल तर 110-120 सगळीकडे छापतात, पण बोट्स्वानात जंगली चित्त्यांच्या गळ्यात जीपीएसची कॉलर लावून मोजलं, 2013 मध्ये ते प्रसिद्ध झालं, त्यात सगळ्यात जास्त भरला ताशी 93 किमी आणि बहुतेक शिकारी तर त्याच्या बऱ्याच खालच्या वेगात झाल्या होत्या. खरी कमाल आहे ती ब्रेक मारण्यात आणि वळण्यात, शेपूट तिथे कामाला येते.

धाकट्याला सांगा डरकाळी नाही मिळणार. डरकाळी वाघ, सिंह, बिबट्या आणि जग्वारची. चित्ता आपल्या मांजरासारखा घुरघुरतो आणि आई पिल्लांना हाक मारते ती चक्क पक्ष्याच्या चिवचिवाटासारखी. नात्याने तो अमेरिकेतल्या प्यूमाला जवळचा आहे.

मात्र व्हिडिओ बघून पाणी पाजायला जाऊ नका. पिंजऱ्यातल्या चित्त्यांनी हल्ले केलेले आहेत, बेल्जियमच्या एका झूमध्ये 2007 साली एक बाई गेली. आणि माणसाची भीती गेलेला चित्ता गावात शिरून शेळ्या-वासरं धरणार, मग लोक दगड घेऊन मागे लागणार, तेही झालंय.

कोल्हापूरची_लेक:
माझं माहेर कोल्हापूर, तिथे संस्थानात शिकारी चित्ते होते, आजोबांच्या पिढीने पाहिलेत. डोळ्यावर टोपी घालून बैलगाडीतून काळविटांजवळ न्यायचे, टोपी काढली की सुटला. चित्ता माणसाळतो हे जुनंच आहे, अकबराकडे हजार होते असं जहांगीरने लिहून ठेवलंय. पण गंमत म्हणजे माणसाळला तरी पिल्लं देत नसे, पाळीव चित्त्यांना पिल्लं झाल्याची नोंद जहांगीरच्याच काळातली, त्या जमान्यातली ती एकच. शिवाय शिकार तो आईकडून शिकतो, म्हणून बछडा आणून उपयोग नाही, मोठा धरलेला चित्ताच लागायचा. म्हणजे प्रत्येक जनावर जंगलातूनच काढलेलं, शतकानुशतकं. वर बंदुका आणि गवताळ रानं नांगराखाली. शेवटी कोल्हापूर, भावनगरसारख्या संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते मागवले तेव्हा आपल्याकडे जवळपास संपलेलेच होते. सगळा दोष इंग्रजांवर ढकलतात ते मला पटत नाही.

लष्करवाली:
बापरे, हे माहीत नव्हतं. डॉक्टर, मग 2023 मध्ये कुनोत एवढे का मेले? तेव्हा रोज पेपरात तेच.

गुरांचा_डॉक्टर:
एकच कारण नाही. दक्षा मादी मेटिंगच्या वेळी नरांनी जखमी केल्यामुळे गेली. ज्वालाची तीन पिल्लं मे महिन्याच्या उन्हाळ्यात, आधीच अशक्त होती. मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतं ते पावसाळ्यातलं. हे चित्ते आणले नामिबिया आणि दक्षिण आफ्रिकेतून, तिकडे जून ते सप्टेंबर थंडी असते, यांच्या अंगाने त्याच कॅलेंडरने थंडीचे दाट केस वाढवले आणि इथे नेमका पाऊस. ओले केस, त्यावर कॉलर, खाजवून जखम, माश्यांनी अंडी घातली, अळ्या पडल्या आणि विष रक्तात. म्हशीच्या खांद्याला अळ्या पडलेल्या आम्ही नेहमी बघतो, पण तिला धरून औषध लावता येतं हो, याला आधी बेशुद्ध करावं लागतं.

ज्वालाचं चौथं पिल्लू मात्र वाचलं, मुखी. माणसांनी वाढवली तिला, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये तिनेच पाच पिल्लं दिली.

दालबाजार_बॉय:
म्हणजे मुखी अस्सल एमपीवाली. तिचे केस तरी इकडच्या हिशोबाने वाढतात का?

गुरांचा_डॉक्टर:
जन्म इथला म्हटल्यावर ऋतू इथलेच बघत वाढली, तिला सोपं जायला हवं.

ताई, पोरांना न्या बिनधास्त, फक्त जिप्सीतून उतरू देऊ नका, कुनोत बिबटे भरपूर आहेत आणि सासूबाईंची काळजी त्यांच्यापुरती बरोबर आहे. चित्ता दिसेलच असं नाही हे पोरांना आधीच सांगून ठेवा. आणि कानटोप्या घ्या, पहाटे उघड्या जिप्सीत दात वाजतात.