मोठे जेलीफिश पाण्यात भेटलेत का कोणाला? अनुभव लिहा

दिवाळीच्या सुट्टीत देवबागहून डॉल्फिन बघायला बोटीने गेलो होतो. डॉल्फिन काही दिसले नाहीत, पण इंजिन बंद केल्यावर बोटीच्या अगदी कडेला मोठं परातभर रुंद पांढरट काहीतरी उघडझाप करत वर आलं. कडेला तपकिरी झाक, खाली जाडजूड लोंबणारे हात आणि गंमत म्हणजे त्या हातांच्या आडोशाला बोटाएवढे चंदेरी मासे आरामात फिरत होते! लेकाने लगेच हात पुढे केला तसा बोटवाला ओरडला, "हात घालू नकात, झार आसा!" (झार म्हणजे जेलीफिश.) मग किनाऱ्यापर्यंत दहाबारा तरी दिसले. तेव्हापासून डोक्यात तेच आहे. बोटीवर, पोहताना, कुठेही असे मोठे जेलीफिश भेटले असतील तर लिहा. डंख झाला असेल तर काय केलं तेही सांगा.

———

माझं माहेर वेंगुर्ल्याकडचं, भावाची होडी आहे. तुम्हाला बघायला मजा वाटते हो पण घरात झार म्हटलं की सगळ्यांचं तोंड वाकडं होतं. जाळ्यात भरली की जाळं वर येता येत नाही एवढं जड होतं, ओढलं तर फाटतं, शेवटी कापून सोडून द्यायचं. वर आलंच तर बांगडे सगळे बुळबुळीत, त्याला कोण भाव देणार. आणि जाळं झटकताना थेंब डोळ्यात उडाला की दिवसभर आग आग. डिझेलचे पैसे गेले ते वेगळेच.

———

फोटो नाही का काढला??

———

आम्ही इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलजवळ राहतो, इथे मे-जूनमध्ये बॅरल जेलीफिश येतात. कयाकमधून जाताना वल्ह्याला काहीतरी मऊ लागलं, बघते तर खाली हा अवाढव्य प्राणी, छत्री जवळजवळ माझ्या हाताएवढी रुंद, कडेला जांभळी किनार आणि खाली फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं काहीतरी. हे 90 सेंमीपर्यंत रुंद आणि 35 किलोपर्यंत भरू शकतात. 2019 मध्ये फाल्मथजवळ डायव्हरच्या शेजारून माणसाएवढा बॅरल जेलीफिश जातोय तो व्हिडिओ खूप फिरला होता, बघितला असेल. पण डंख अगदी सौम्य, आमच्या ग्रुपमधली माणसं त्यांच्याजवळ बिनधास्त पोहतात (मी नाही!). घाबरायचं ते लायन्स मेन या दुसऱ्या जेलीफिशला, त्याचे धागे खूप लांबवर पसरलेले असतात, छत्री पलीकडे असते आणि धागा तुमच्या पायाला लागतो. किनाऱ्यावर मरून पडलेला असला तरी डंख होतो, कुत्र्यांना आवर घालावा लागतो.

———

आकारावर जाऊ नका एवढंच सांगेन. ऑगस्ट 2018 मध्ये मुंबईत जुहू, गिरगाव सगळीकडे ब्लू बॉटल आले होते, दीडशेच्या आसपास लोकांना डंख झाल्याच्या बातम्या होत्या. मी जुहूला होतो तेव्हा. बोटभर निळसर फुगा, वाळूत पडलेला, लहान मुलं उचलायलाच जातात. माझ्या भाच्याच्या पोटरीला धागा गुंडाळला गेला आणि दोन मिनिटांत लाल रेघ, त्यावर बारीक बारीक मणी उठले, पोरगं असं किंचाळत होतं की बघवेना. कोणी लिंबू चोळा म्हणे, कोणी ओली वाळू. एक काका तर भलताच उपाय सुचवत होते, लिहीत नाही इथे. बाय द वे हा शास्त्राप्रमाणे जेलीफिश नाहीच, अनेक जीव मिळून एक वसाहत असते.

———

काकांचा उपाय कळला :ड तो करू नका कृपया. आणि वाळू, लिंबू, गोडं पाणी काहीच नको, त्वचेवर राहिलेल्या न फुटलेल्या डंखाच्या पेशी त्याने फुटतात आणि अजून विष सुटतं. समुद्राच्याच पाण्याने धुवायचं, धागे चिमट्याने काढायचे, चोळायचं नाही. आम्ही ऑस्ट्रेलियात आहोत, सिडनीला ब्लू बॉटल लागला की लाइफगार्ड सोसवेल इतक्या गरम पाण्यात, 45 अंशांच्या आसपास, 20 मिनिटं पाय ठेवायला लावतात, खरंच उतार पडतो. वर केर्न्सला मात्र बॉक्स जेलीफिश, तिथे किनाऱ्यावर व्हिनेगरच्या बाटल्या ठेवलेल्या असतात. नोव्हेंबर ते मे जाळी लावलेल्या भागातच पोहायचं आणि अंगभर स्टिंगर सूट. तो प्राणी पाण्यात दिसतच नाही हो, तेच भयानक. श्वास जड झाला किंवा छातीत दुखलं तर घरगुती उपाय सोडा, थेट हॉस्पिटल.

———

जपानात नोकरीला होतो तेव्हा फुकुईच्या बंदरावर शरदात एचिझेन कुरागे, म्हणजे तिथले महाकाय जेलीफिश, बघितलेत. दोन मीटर रुंद आणि 200 किलोपर्यंत, एकेक! चीनच्या बाजूने प्रवाहाबरोबर वाहत येतात. 2009 मध्ये चिबाजवळ 10 टनांचा ट्रॉलर यांनी भरलेलं जाळं ओढताना चक्क उलटला होता, तिघेही खलाशी दुसऱ्या ट्रॉलरने वाचवले. वेंगुर्ल्याच्या ताईंचा प्रतिसाद वाचून तेच आठवलं.

———

बापरे. भावाला वाचून दाखवते, म्हणेल आपली झार बरी.

———

डिसेंबरात मालवणला स्नॉर्केलिंगचं बुकिंग आहे आमचं, आता बायको नको म्हणतेय. रद्द करू का?

———

रद्द कशाला, आदल्या दिवशी फोन करून विचारा सध्या झार आहे का, ते लोक रोज पाण्यात असतात. पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड (पोहताना घालायचा घट्ट टीशर्ट) आणि लेगिंग्ज घाला, धागा कपड्यावरच अडतो. आणि मुलाचे हात बोटीच्या आत!