एसआरएच्या इमारतीतली ‘बालवाडी’: किल्ली कोणाकडे असावी?

पाचवा_मजला
आमची इमारत एसआरएची, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाच्या योजनेतली, मुंबईच्या पूर्व उपनगरातली. राहायला येऊन अकरा वर्षं झाली. तळमजल्यावर जिन्याच्या मागे एक खोली आहे, दारावर ‘बालवाडी’ असं रंगवलंय. परवा पंपाच्या कामासाठी ती उघडली तेव्हा मी ती पहिल्यांदा आतून पाहिली. मंडपाचे बांबू, सुतळीची भेंडोळी, मखराच्या फळ्या, दोन मोडक्या खुर्च्या आणि एक स्पीकरचा खोका. भिंतीवर कुणीतरी कधीकाळी मुळाक्षरं काढलेली. बांबूंच्या फटीतून फक्त ‘ग गणपतीचा’ दिसत होतं, म्हणजे निदान तेवढं तरी खरं ठरलंय.

माझी भाची आमच्याकडे राहून दहावी करते. घरात सहा माणसं आणि एक टीव्ही. ती पाचव्या-सहाव्या मजल्यामधल्या जिन्यावर बसते. तिथला दिवा सेन्सरचा, दर दोन मिनिटांनी विझतो. मग ती पुस्तकातून मान न काढता एक हात वर करून हलवते, दिवा लागतो. तासाभरात किती वेळा हात हलवला हे तिला कळतसुद्धा नसावं.

आता नियम बघा. मुंबईच्या 2034 च्या विकास नियमावलीत झोपडपट्टी पुनर्वसनाच्या कलम 33(10) खाली पुनर्वसनाचं घर 300 चौरस फुटांचं. त्याच कलमात म्हटलंय की बालवाडी हवी, आणि अंगणवाडी, आरोग्य केंद्र, कौशल्य केंद्र, युवा केंद्र किंवा वाचनालय अशा सोयींसाठी दर 250 झोपडीधारकांमागे 25 चौरस मीटरची जागा हवी. 25 चौरस मीटर म्हणजे 269 चौरस फूट. अडीचशे कुटुंबांच्या पोरांचं वाचनालय त्यांच्यातल्या एका घराहून लहान! बरं, तेवढं तरी मिळू दे. त्याच नियमात लिहिलंय की गैरवापर झाला तर एसआरए ती जागा काढून दुसऱ्या संस्थेला देऊ शकतं. माझं म्हणणं असं की गैरवापर होण्याची वाट कशाला बघायची? पहिल्या दिवसापासून ही खोली सोसायटीच्या ताब्यात देऊच नये. पालिकेला द्या, एखाद्या संस्थेला द्या, पण कमिटीला नको.

खजिनदार_आबा
मी दुसऱ्या एका एसआरए सोसायटीचा खजिनदार. बांबूंवरून आम्हाला हसणं सोपं आहे. आम्ही खोली उघडली होती, रीतसर नारळ फोडून. टेबलं आणली, दोन पंखे लावले. पहिला महिना छान गेला. दुसऱ्या महिन्यात कॅरम आला. तिसऱ्या महिन्यात खिडकीखाली पुड्यांचा खच. रात्री एक वाजता पोरं खाली हसतायत म्हणून पहिल्या मजल्यावरचे लोक माझं दार वाजवायला लागले. एकदा मारामारी झाली, तर चौकीत कोण जाऊन बसलं? मी. मुलींच्या आयांनी तर आधीच पाठवणं बंद केलं होतं.

विजेचं मीटर सोसायटीच्या नावावर, पंखा जळला तर सोसायटीचा, काही बरंवाईट झालं तर नाव कमिटीचं. आमच्याकडे निम्मे लोक मेंटेनन्स भरत नाहीत, लिफ्टचा करार थकलाय. किल्ली संस्थेला द्यायची तर खुशाल द्या. पण ती संस्था दोन वर्षांनी गाशा गुंडाळून गेली की किल्ली परत माझ्याच खिशात येते, हे लक्षात ठेवा.

नकाशेवाला
मी अशाच इमारतींचे नकाशे काढत चौदा वर्षं काढली, तर आतली गोष्ट सांगतो. पहिल्यांदा जिना आणि लिफ्ट बसते. मग मीटर रूम, पंप रूम. मग घरं, कारण घरांची संख्या ठरलेली असते. शेवटी तळमजल्यावर जो तुकडा कुठेच बसत नाही त्यावर आम्ही ‘बालवाडी’ लिहितो. तिची खिडकी बहुतेकदा डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या बंदिस्त पोकळीत उघडते. मी स्वतः अशा किती लिहिल्या त्याचा हिशेब ठेवलेला नाही, आणि त्यात अभिमान वाटावा असं काही नाही.

पण म्हणूनच मला या खोलीच्या मागणीचा कंटाळा येतो. ती मिळाली की सगळे गप्प बसतात. खरं दुखणं घराच्या खिडकीचं आहे. मानखुर्दचं लल्लूभाई कंपाऊंड किंवा गोवंडीचं नटवर पारेख कंपाऊंड बघा. दोन इमारतींत जेमतेम तीन मीटर. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने तिथे पाहणी केली होती. खालच्या मजल्यांवर ऊन नाही, वारा नाही आणि टीबी जास्त. जवळच्याच पीएमजीपी वसाहतीत इमारती जरा मोकळ्या, तिथे प्रमाण बरंच कमी. सकाळी अकराला ज्या घरात ट्यूबलाइट लावावी लागते तिथल्या पोराला खाली 269 फुटांची अभ्यासिका देऊन काय होणार? भांडायचं तर दोन इमारतींमधल्या अंतरासाठी भांडा. घरात उजेड आला तर पोर घरात बसेल.

पाचवा_मजला
घरात उजेड आला तरी घरात सहाच माणसं राहणार ना. उजेडाने टीव्हीचा आवाज कमी होत नाही.

अंगणवाडीताई
नकाशेवाले भाऊ, तुम्ही दहावीच्या पोरांवर थांबलात. मी तीन ते सहा वर्षांच्या मुलांना सांभाळते. आमची खोली अशीच जिन्यामागची. त्यात काय नाही ते सांगते. संडास नाही. मुलाला ‘शी’ आली की मी मदतनीस बाईंवर बाकीची चोवीस पोरं टाकून त्याला त्याच्या घरी सातव्या मजल्यावर नेते, आणि लिफ्ट बंद असेल तर कडेवर. नळ आहे, पण मोठ्या माणसाच्या कमरेला. खिडकीचा कठडा इतका वर की मुलांना तिच्यातून फक्त आभाळ दिसतं. भिंतीत एक कपाट असतं तर आहाराची भांडी रोज उचलून न्यावी लागली नसती.

हे सगळं करायला जास्त जागा लागत नाही. नकाशा काढणाऱ्याने एकदा गुडघ्यावर बसून बघायचं, बस. आणि आबा, किल्लीचं म्हणाल तर आमच्याकडे किल्ली माझ्याकडे असते. सकाळी उघडते, दुपारी लावते. त्या खोलीत बांबू नाहीत, कारण तिथे रोज येणारं माणूस आहे. संध्याकाळी तीच खोली मोठ्या पोरांना देता येईल, पण तेव्हा येणारं माणूस कोण आणि त्याला पगार कोण देणार, याचं उत्तर तुमच्यापैकी कुणीच दिलेलं नाही.

वरळीकर
मी वरळीच्या बीडीडी चाळीतला. 160 फुटांची खोली, आम्ही आठ जण. आमची अभ्यासिका म्हणजे वरळीची अभ्यास गल्ली. पाटीवर सुदाम काळू आहिरे मार्ग, पण ते नाव घेतलं तर टॅक्सीवाल्याला कळत नाही. झाडं, शांतता आणि रस्त्यावरचे दिवे. परीक्षा जवळ आल्या की पथारी घेऊन जायचो. शेजारी मेडिकलवाला, पलीकडे एमपीएससीवाला, मध्ये मी नापासाच्या भीतीने बसलेला. तिथे बसून शिकलेले कितीतरी जण मोठमोठ्या हुद्द्यांवर गेले. पालिकेने नंतर तिथे बसायला वगैरे नीट केलं, पण मुळात ना दार, ना कुलूप, ना खजिनदार.

आता चाळी पाडून चाळीस मजली टॉवर होतायत. ऑगस्ट 2025 मध्ये वरळीतल्या पहिल्या 556 घरांच्या चाव्या दिल्या. 500 फुटांचं घर मिळालं, त्याबद्दल कुरकुर करणारा मी नाही, आईने आयुष्यभर मजल्यावरच्या सार्वजनिक संडासापुढे रांग लावलीय. पण चाळीत खोलीबाहेर पाऊल टाकलं की मधला रुंद पॅसेज होता आणि खाली मैदान होतं. पोरगं काय करतंय ते दहा काकवांना दिसायचं. पस्तिसाव्या मजल्यावरचं पोरगं कुणाला दिसणार? मला खोली बांधण्यापेक्षा रस्ता, पॅसेज आणि मैदान वाचवणं जास्त महत्त्वाचं वाटतं. कुलूप लावताच येणार नाही अशी जागा द्या.

सीए_फायनल
वरळीकर दादा, माझी आईसुद्धा बीडीडीतलीच. अभ्यास गल्ली तिच्या घरापासून चालत काही मिनिटांवर. ती तिथे किती वेळा बसली, विचारा. एकदाही नाही. दिवेलागणीनंतर मुलीने रस्त्यावर बसायचं हे तिच्या घरात कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. तिचे दोन्ही भाऊ बसले आणि शिकले. तिने स्टोव्हजवळ बसून बारावी केली आणि तिथेच थांबली.

तुमच्या गोष्टीत दहा काकवा बघतायत हे चांगलं वाटतं. मुलीच्या बाजूने तेच दहा काकवांचं बघणं वेगळं असतं. मला कुलूप हवं आहे, फक्त कडी आतून हवी. दाराला काच हवी, म्हणजे आत कोण आहे ते बाहेरून दिसेल, आणि संडास शेजारी हवा. रात्री आठला उठून ‘जाऊन येते’ म्हणून घरी गेलं की आई परत सोडत नाही. हे कुठल्याच नकाशात नसतं. सध्या मी पैसे भरून दादरला अभ्यासिकेत जाते. माझ्या वर्गातल्या तिघींनी तिथे येणं सोडलं ते फीमुळे नाही, परतीच्या वेळेमुळे.

अठरा_पूर्ण
सगळं वाचलं. तुमच्या सगळ्यांच्या पोरांना निदान जिना तरी आहे. मी बालगृहात वाढलो. तिथे हॉल होता, ओळीने खाटा, ट्रंका आणि एक टीव्ही. केंद्राच्या 2016 च्या आदर्श नियमांत पन्नास मुलांच्या संस्थेला 500 चौरस फुटांचं वाचनालय लिहिलंय, म्हणजे कागदावर आम्ही तुमच्यापेक्षा श्रीमंत. आमच्या वाचनालयात ऑफिसची कपाटं होती. तुमचे बांबू, आमची कपाटं.

पण माझा मुद्दा अठरानंतरचा. अनुरक्षणगृहात, म्हणजे बालगृहातून बाहेर पडलेल्या तरुणांसाठीच्या वसतिगृहात, जागा मिळाली तर मिळाली, नाहीतर पिशवी घेऊन बाहेर. त्याच नियमांत असंही आहे की अशा सहा ते आठ तरुणांना वस्तीत एकत्र घर द्यावं. मी आणि तीन मित्र खोली शोधत होतो. डिपॉझिट होतं, नोकरी होती. ‘आईवडील कुठे असतात?’ या प्रश्नापाशी सात ठिकाणी बोलणं संपलं. तर माझी मागणी अशी की प्रत्येक पुनर्वसन योजनेत असं एक घर नकाशातच ठेवा. विक्रीच्या, म्हणजे बिल्डर बाजारात विकतो त्या टॉवरमध्ये नको म्हणतील, माहीत आहे. आमच्यासारख्यांच्या इमारतीत तरी ठेवा.

खजिनदार_आबा
बाळा, तुझं वाईट वाटतं, खोटं नाही बोलत. पण आमच्या सभेत हा विषय काढला तर काय होईल ते मला आत्ताच ऐकू येतंय. घरोघरी तरुण मुली आहेत, बिनलग्नाची आठ पोरं एका घरात, देखरेखीला कोण? आणि दुसरं म्हणजे, शहरातलं प्रत्येक ओझं गरिबाच्याच इमारतीत का? कचऱ्याची गाडी आमच्या दारात, मोबाइलचा टॉवर आमच्या गच्चीवर. शेजारच्या विक्रीच्या टॉवरमध्ये क्लब हाऊस आहे, तिथे ठेवा की.

अंगणवाडीताई
आबा, तो पोरगा आहे. त्याला मोबाइल टॉवरच्या ओळीत बसवू नका.

खजिनदार_आबा
चुकलं. शब्द मागे घेतो. प्रश्न मागे घेत नाही.

अठरा_पूर्ण
देखरेखीचा प्रश्न बरोबर आहे, काका. मला वाईट वाटलं ते ‘बिनलग्नाची पोरं’ याचं. तुमच्या इमारतीत कामाला आलेले भाडेकरू एका खोलीत सहा-सहा राहत नाहीत का? त्यांना कुणी आईवडील विचारत नाही, कारण भाडं एका सभासदाच्या खिशात जातं.

वरळीकर
हे मात्र खरं आहे.

नकाशेवाला
एक गोष्ट कबूल करतो. मी वर लिहिलं की खोलीच्या मागणीचा कंटाळा येतो. ताईंचं वाचल्यावर आज हातातल्या कामाचा नकाशा उघडून पाहिला. बालवाडी आणि सोसायटीचं ऑफिस यांची अदलाबदल केली तर बालवाडीला रस्त्याकडची खिडकी मिळते, आणि वॉचमनच्या संडासाची भिंत तिला लागून येते, तिथे एक छोटा संडास निघू शकतो. एक फूटही वाढत नाही. ऑफिस जाईल डक्टकडे. बिल्डरला फरक पडणार नाही, कमिटी ओरडेल. घराच्या उजेडाबद्दल माझं मत तेच आहे, पण हे करायला मला चौदा वर्षं लागली हेही आहे.

सीए_फायनल
दाराला काच टाका. विसरू नका.

पाचवा_मजला
ताईंच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडेही नाही. संध्याकाळी सात ते दहा बसणारं माणूस कुठून आणायचं? भाचीची परीक्षा संपेपर्यंत मी स्वतः बसेन. पुढचं माहीत नाही. मगाशी आमच्या कमिटीच्या सेक्रेटरींकडे जाऊन तेवढंच सांगितलं, बाकी वाद घातला नाही. त्यांनी किल्ली ड्रॉवरमधून काढून टेबलावर ठेवली, पण वरचा हात काढला नाही. म्हणाले, ‘देतो. पण बांबू कुठे ठेवायचे ते आधी सांग.’

खजिनदार_आबा
गच्चीवर टाकीखाली. आडवे ठेवा, वर ताडपत्री टाका, नाहीतर पावसात कुजतात.