लोकलमध्ये रोज समोर येऊन बसणाऱ्या अनोळखी माणसाचे काय करावे?

प्रश्न (तळेगावची पासधारक)

गेली चार वर्षे मी तळेगाव ते शिवाजीनगर असा लोकलने प्रवास करते. सकाळी महिलांच्या डब्यात जागा मिळते. संध्याकाळी मात्र फलाटावर पोहोचेपर्यंत गाडी सुटायच्या बेतात असते आणि मुंबईसारखी पाठोपाठ दुसरी गाडी इथे नसल्यामुळे समोर येईल त्या डब्यात चढावे लागते. महिनाभरापासून पन्नाशीचे एक गृहस्थ नेमके माझ्या समोर येऊन बसतात. सुरुवातीला कुठे उतरणार एवढेच त्यांनी विचारले; पुढे नोकरी कुठे, घरी कोण असते, लग्न झाले आहे का, इथपर्यंत मजल गेली. त्यांनी कधी हात लावलेला नाही किंवा वावगा शब्दही काढलेला नाही. गेल्या गुरुवारी मी जागा सोडून दाराशी उभी राहिले, तर आकुर्डी गेल्यावर तेही तिथे आले आणि गळ्यातल्या ओळखपत्रावरचे नाव वाचून त्यांनी मला नावाने हाक मारली. मी देहूरोडलाच उतरले आणि रिक्षा करून घरी गेले. घरी सांगितले तर नोकरी सोड म्हणतील. हे तक्रार करण्याजोगे आहे, की मीच बाऊ करते आहे?

उत्तर १ (चिंचवडची जुनी प्रवासी)

ताई, तुम्ही बाऊ करत नाही. मधल्याच स्टेशनवर उतरावेसे वाटले, यातच सगळे आले. ओळखपत्र ऑफिसातून निघतानाच पर्समध्ये ठेवत जा. आपण आजवर मान खाली घालून "हो", "नाही" एवढेच बोलत आलो आणि समोरचा त्याला संमती समजत आला, म्हणून एकदा त्यांच्याकडे पाहून, आजूबाजूच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगा: "मला तुमच्याशी बोलायचे नाही. पुन्हा माझ्याशी बोलू नका." कारण सांगत बसू नका, कारण दिले की त्यावर बोलणे वाढते.

उत्तर २ (वकिली करणारा सहप्रवासी)

वरच्या सल्ल्याला कायद्याचाही आधार आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार, स्त्रीने स्पष्टपणे अनिच्छा दाखवल्यानंतरही एखादा पुरुष तिचा पाठलाग करून वारंवार संपर्क साधत राहिला, तर तो गुन्हा ठरतो. पहिल्या वेळी ३ वर्षांपर्यंत कैद आणि दंड अशी शिक्षा आहे. हात लावलेला असलाच पाहिजे, अशी अट त्यात नाही. म्हणूनच तुमच्या स्पष्ट नकाराला महत्त्व आहे. तारीख, वेळ, डबा आणि काय घडले हे त्याच दिवशी लिहून ठेवा. चालत्या गाडीतून रेल्वेच्या १३९ किंवा पोलिसांच्या ११२ क्रमांकावर फोन करता येतो. तक्रार लोहमार्ग पोलिसांकडे करावी, परंतु कोणत्याही पोलीस ठाण्यात गेलात तरी हद्दीचे कारण सांगून दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची, नोंद नाकारता येत नाही. ती शून्य क्रमांकाने, म्हणजे त्या ठाण्याचा नेहमीचा क्रमांक न देता, घेऊन हद्दीतल्या ठाण्याकडे पाठवावी लागते.

उत्तर ३ (कामशेतचा प्रवासी)

आकुर्डीनंतर डबा बराच रिकामा होतो, तेव्हा एकटीने त्यांना सुनावू नका. खडकी ते पिंपरीदरम्यान गर्दी असताना बोला. आम्हा पुरुषांबद्दलही मला मनापासून लिहायचे आहे. एखादी बाई जागा बदलते आणि पाठोपाठ एखादा माणूस उठतो, हे आम्हाला दिसते, तरीही आम्ही मोबाइलमध्ये डोके घालतो. मीही तसेच केले आहे आणि त्याची मला लाज वाटते. मारामारी करण्याची गरज नसते. उठून मध्ये उभे राहिले, "ताई, तुम्ही इथे बसा" म्हटले, तरी पुष्कळ होते.

प्रश्नकर्ती (नऊ दिवसांनी)

मंगळवारी कासारवाडी सुटल्यावर मी ते वाक्य जसेच्या तसे बोलले. आवाज कापत होता. शेजारी मेथी निवडत बसलेल्या काकूंनी मांडीवरची पिशवी बाजूला ठेवली, त्या गृहस्थांकडे रोखून पाहिले आणि "ऐकलंत ना?" असे विचारले. ते उठून दुसऱ्या टोकाला गेले. पुढचे तीन दिवस दिसले नाहीत. काल मात्र तळेगावच्या जिन्यापाशी उभे होते आणि रिक्षा थांब्यापर्यंत माझ्या मागे आले. वहीत नोंद केली आहे. रात्री घरी सगळे सांगितले. उद्या वहिनी आणि मी पुणे स्टेशनवरच्या लोहमार्ग पोलीस ठाण्यात जात आहोत.